पॅकिंग फाटलं ते नंतर, हवा तर आधीपासूनच खात होतं

पत्र मिरजेहून आलंय. मुलगा 23 वर्षांचा, डिप्लोमा झालेला. थोडं छाटून देतो. (ग्लो इंजिन म्हणजे मॉडेल विमानाचं, मेथॅनॉलवर चालणारं छोटं इंजिन; 40 साईझ म्हणजे 0.40 घनइंच, साधारण साडेसहा सीसी.)

«काका नमस्कार. मामाने त्याचं जुनं 40 साईझचं ग्लो इंजिन मला दिलं, दहाबारा वर्षं डब्यात पडून होतं. स्टँडवर बांधलं, चालू झालं, फुल थ्रॉटलला मस्त पळत होतं. पण थ्रॉटल खाली घेतला की आवाज लगेच उतरायचाच नाही, आणि एकदा उतरला की दोन सेकंदात बंद. सगळे म्हणाले हवा खातंय. म्हणून मागची प्लेट उघडली तर पॅकिंगचे दोन तुकडे झाले. तसं पॅकिंग कुठेच मिळेना, मग घरात बाथरूमचं पांढरं सिलिकॉन होतं ते चोपडून बसवलं. आता आधीपेक्षा वाईट चालतं आणि हाताने फिरवताना काहीतरी घासल्यासारखं लागतं. दुकानदार म्हणतो भंगारात दे. वहीच्या पुठ्ठ्याचं पॅकिंग चालेल का? किती जाड घेऊ?»

अरे बाबा, सगळ्यात आधी ते इंजिन फिरवणं बंद कर. हाताने पण नको. का ते सांगतो पुढे.

आणि तुझंच पत्र तू परत एकदा वाच. इंजिन आयडलला मरत होतं, म्हणून तू प्लेट उघडलीस, आणि उघडताना पॅकिंग फाटलं. म्हणजे इंजिन मरत होतं तेव्हा पॅकिंग शाबूत होतं की! फाटलं ते तुझ्या हातून. मग हवा खात होतं ते कुठून? बहुतेक दुसरीकडूनच कुठूनतरी, आणि ती जागा अजून तशीच उघडी आहे. तू दुखत होतं त्याच्या शेजारचा दात काढलास. रागवू नको, आपण सगळ्यांनी हे केलंय, मागची प्लेट चार स्क्रूवर निघते म्हणून आपला हात आधी तिथेच जातो.

आता हवा खाणं म्हणजे नेमकं काय ते दोन मिनिटं समजून घे म्हणजे शोधायला सोपं जाईल. टू स्ट्रोकमधे पिस्टन वर जातं तेव्हा खालच्या क्रँककेसमधे, म्हणजे पिस्टनखालच्या बंद पोकळीत, ओढ तयार होते आणि त्या ओढीने कार्बमधून (कार्बुरेटरमधून) हवा-इंधन आत येतं. म्हणजे क्रँककेस हा एक पंपच आहे, पिचकारीसारखा. पिचकारीच्या बाजूला टाचणीएवढं भोक पडलं तर ती पाण्याबरोबर हवाही ओढणार, तसंच हे. फुल थ्रॉटलला कार्बचं तोंड पूर्ण उघडं, तिथून भसाभस हवा येते, त्यापुढे टाचणीच्या भोकातली हवा म्हणजे किस झाड की पत्ती. पण थ्रॉटल बंद केलास की कार्बमधून येते चिमूटभर, आणि भोक मात्र तेवढंच. वर तोंड बंद केल्यामुळे आतली ओढ अजून वाढलेली. मग मिश्रण एकदम पातळ होतं, म्हणजे हवा जास्त इंधन कमी, इंजिन आधी चढ्या आवाजात अडकून बसतं आणि मग मरतं. तुझं लक्षण अगदी हेच आहे. त्यामुळे हवा खातंय असं जे कोणी म्हणालं ते बरोबरच म्हणालं, कुठून ते कोणी सांगितलं नाही एवढंच.

डब्यात दहा वर्षं पडलेल्या इंजिनात माझा पहिला संशय कार्बच्या बुडाशी असलेल्या ओ-रिंगवर. कार्ब क्रँककेसच्या मानेत बसतो ना, तिथे खाली एक काळी रिंग असते. एवढ्या वर्षांत ती सुकून कडक होते आणि गोल असायची ती चपटी होते. काढून नखाने दाब, नख रुतलं नाही तर ती गेली समज. वाकवून बघ, बारीक भेगा दिसतील. दुसरा संशय नीडलवर, म्हणजे इंधन कमीजास्त करायच्या सुईसारख्या स्क्रूवर, तिथे पण एक इवलीशी रिंग असते ती कोणाच्या लक्षातच येत नाही. तिसरा इंधनाच्या नळीवर. आणि चौथा पुढच्या बेअरिंगवर. मागची प्लेट माझ्या यादीत पाचवी होती, तू तिला पहिल्या नंबरला आणलंस, ठीक आहे.

नळी आधी बदलून टाक, विचार करू नकोस, सगळ्यात स्वस्त तीच. निपलवर चढवताना ओढूनताणून तिथे सुईएवढं भोक पडतं आणि डोळ्याला दिसत नाही. टाकीच्या आतली, तळाशी लोळणाऱ्या वजनाला जोडलेली नळी पण बदल, ती बाहेरून दिसत नाही म्हणून सगळे विसरतात. टाकी बादलीतल्या पाण्यात बुडवून, एक निपल सोडून बाकी बंद करून, सिरिंजने हळू हवा भर. बुडबुडा आला की सापडलं.

सिरिंज म्हणालो ते लक्षात घे. मेडिकलमधून 50 मिलीची एक मोठी सिरिंज आण आणि ती कायम याच कामाला ठेव. तोंडाने फुंकायचं नाही आणि नळीतून इंधन तोंडाने ओढायचं तर अजिबातच नाही. ग्लोचं इंधन म्हणजे मेथॅनॉल, त्यात तेल आणि थोडं नायट्रो. विषारी दारूच्या बातम्या येतात, लोक आंधळे होतात, मरतात, ते हेच मेथॅनॉल. आमच्या वेळी सगळे नळी तोंडात धरून ओढायचे, वाचलो ते नशिबाने, त्याला अक्कल म्हणत नाहीत.

आता इंजिनची टेस्ट, पण ही सिलिकॉन काढून नवं पॅकिंग बसवल्यावरच, ते कसं ते खाली येतंच आहे. आधी सायलेन्सर काढ आणि इंजिन आतून इंधनाने धुऊन सुकू दे. थ्रॉटल पूर्ण उघड आणि कार्बच्या तोंडातून आत बघ, क्रँकशाफ्टला एक खिडकी कापलेली असते ती फिरताना समोर येते आणि जाते. प्रोपेलर सावकाश फिरवून अशी जागा शोध की खिडकी उघडी दिसतेय आणि त्याच वेळी एक्झॉस्टच्या तोंडात पिस्टनची भिंत आडवी आलीये. पिस्टन अगदी वरच्या टोकाला नको, थोडं आधी, कारण काही इंजिनांत टोकाला गेल्यावर पिस्टनच्या खालून फट उघडते आणि मग तू उगाच घाबरशील. नीडल बंद कर, इंधनाच्या निपलला टोपण लाव. सायकलच्या ट्यूबचा तुकडा कार्बच्या तोंडावर घट्ट चढव, त्यात सिरिंजचं टोक, आणि सगळ्या जोडांवर शिलाई मशीनचं पातळ तेल ब्रशने लाव. साबणाचं पाणी नको, आत गेलं की बेअरिंग गंजतं. मग सिरिंजचा दट्ट्या हलक्या हाताने दाब आणि तेलाकडे बघत बस.

बघण्यासारखं असतं ते. जिथे गळती आहे तिथे तेलात मोहरीएवढा एक फुगा येतो, फुटतो, परत तिथेच दुसरा येतो. पिस्टनच्या बाजूने एक्झॉस्टमधे थोडं फुसफुस होणार, ते चालतं. पुढच्या बेअरिंगशी पण एखाददुसरा फुगा चालतो, इंजिन चालताना तिथे तेलाचा थर बसतो. पण कार्बच्या मानेभोवती एक जरी फुगा आला तर ती रिंग काढून फेक.

एक सांभाळ. काही जुन्या कार्बना पुढच्या बाजूला एक छोटं भोक असतं आणि शेजारी स्प्रिंगवाला स्क्रू. ते भोक कंपनीनेच दिलेलं असतं, आयडलची हवा त्यातून जाते. टेस्टपुरतं त्यावर बोट ठेव. लोक गळती सापडली म्हणून तिथे एम-सील थापतात आणि मग आयुष्यभर आयडल का लागत नाही म्हणून नीडल फिरवत बसतात.

इंजिन चालू ठेवून जोडांवर तेलाचे थेंब टाकायचे आणि आवाज बदलतो का बघायचं अशीपण एक पद्धत आहे. करतात लोक. मी तुला नाही सांगणार, कारण समोर प्रोपेलर फिरतोय, आणि कोणीतरी हुशारी करून तेलाऐवजी इंधनच टाकतं. मेथॅनॉलची ज्वाळा उन्हात दिसत नाही. हात भाजल्यावर कळतं की पेटलंय.

ओ-रिंगचं माप जुन्या रिंगवरून घेऊ नकोस, ती चपटी झालीये. ज्या खाचेत बसते ती खाच मोज. हायड्रॉलिक आणि पंपाच्या सामानाच्या दुकानात साधी काळी नायट्राईल रिंग मिळेल, मेथॅनॉलला ती पुरते. दुकानदार तुला महागाची व्हायटॉन घ्यायला सांगेल, तो चुकीचा नाही पण तो पेट्रोलचा विचार करतोय. साधी व्हायटॉन मेथॅनॉलमधे फुगते. आणि उलटं बघ, सिलिकॉनची नळी मेथॅनॉलला एकदम छान पण पेट्रोलमधे टाकलीस की फुगून लिबलिबीत होते. म्हणून दुसऱ्या कोणाचा सल्ला ऐकताना आधी विचार, तुझं इंजिन ग्लो का पेट्रोल. निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

रिंग मिळेपर्यंतचा जुगाड पण सांगून ठेवतो. जाड सिलिकॉन नळीचा गोल काप ब्लेडने सरळ काढायचा, पातळ चकतीसारखा, आणि कार्बच्या मानेवर ताणून चढवायचा. कार्ब बसवताना वरून अंगठ्याने खाली दाबून धर आणि मग स्क्रू आवळ. दाबून धरलं नाहीस तर नवी रिंग घालूनही हवा खाईल. नीडलच्या बारक्या रिंगसाठी असंच, नीडल जिथे बॉडीत शिरते तिथे दोघांवर मिळून नळीचा एक छोटा तुकडा चढवून टाक. हे मी तात्पुरतं म्हणून केलं होतं, त्याला किती वर्षं झाली ते विचारू नकोस.

आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे येतो, पॅकिंग.

ते घासल्यासारखं का लागतंय? त्या पॅकिंगची जाडी नुसती हवा अडवायला नसते. क्रँकपिनवर कनेक्टिंग रॉडचं (पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या दांड्याचं) जे मोठं टोक बसतं ते आणि मागची प्लेट यांच्यात किती जागा राहणार हे त्या कागदावर ठरतं. तू कागद काढलास आणि सिलिकॉन आवळून आवळून सगळं बाहेर पिळून काढलंस, म्हणजे प्लेट तेवढी पुढे सरकली आणि रॉड आता तिला घासतोय. किंवा सिलिकॉनचा गोळा आतल्या बाजूला पिळला गेलाय आणि तो रॉडला लागतोय. दोन्ही वाईट. सिलिकॉनचा आतला मणी तुटला की तो फिरत फिरत ट्रान्स्फरच्या, म्हणजे क्रँककेसमधून मिश्रण वर सिलिंडरमधे जायच्या, वाटेत नाहीतर त्या खिडकीत जाऊन बसतो. म्हणून म्हणालो फिरवू नकोस.

तर उघड. सिलिकॉन काढायला स्क्रूड्रायव्हर आणि ब्लेड लांब ठेव, ॲल्युमिनियमवर एक ओरखडा पडला की तीच नवी गळती. कुल्फीची काडी घे, टोकाला तासून पातळ कर, आणि बसून खरवड. वेळ लागेल. बाथरूमच्या त्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ना, ते सुकताना ॲसिड सोडतं, बेअरिंगच्या आसपास ते नकोच. आतला कण न् कण निघाला याची खात्री कर, टॉर्च लावून बघ, इंधनाने दोनदा खळखळून धू.

फाटलेले दोन तुकडे टाकले नाहीस ना? नसशील तर सोनं आहे. व्हर्नियर लावून जाडी मोज, पण जिथे स्क्रूखाली दाबला गेलाय तिथली, मोकळ्या भागातली नको. टाकले असशील तर झेरॉक्सच्या कागदाने माप काढ. साधा झेरॉक्सचा कागद साधारण 0.1 मिमी असतो. चार स्क्रूपाशी एकेक छोटा तुकडा ठेवून प्लेट हलकी आवळ, फिरवून बघ, घासतंय? दोन दोन तुकडे ठेव. मग तीन. जिथे घासणं थांबतं आणि रॉडला बोटाने मागेपुढे जरासा खेळ लागतो तिथे थांब, तेवढी जाडी. जास्त जाड घेतलंस तर चालतं का? चालतं तसं, पण क्रँककेसमधली जागा वाढते, पंप थोडा ढिला पडतो, आणि जाड कागद आवळल्यावर दबत राहतो आणि स्क्रू परत परत ढिले होतात. त्यामुळे पुरेल तेवढंच.

आता कागद कुठला. बरोबर गोष्ट म्हणजे ऑइल पेपर, मेकॅनिक लोक पॅकिंग पेपर म्हणतात तो. मिरज-सांगलीत ऑटो स्पेअरच्या कुठल्याही दुकानात शीट मिळते, 0.25 आणि 0.5 तर हमखास, आणि एका शीटमधे तुझ्या इंजिनाची पन्नास पॅकिंगं निघतील. जुन्या दुकानात एखादी राखाडी कडक शीट पडलेली असेल तर ती घेऊ नकोस, ॲस्बेस्टॉसची असू शकते, ती कापत घासत बसायची नाही. वहीचा पुठ्ठा नको. तो सच्छिद्र आणि थरांचा असतो, तेल प्यायला की पापुद्रे सुटतात. त्यापेक्षा शाळेच्या पुस्तकांना जूनमधे कव्हर घालतो तो खाकी कागद बरा, घट्ट असतो. एरंडेल लावून रात्रभर ठेवलास आणि सकाळी टिपून घेतलास तर पातळ पॅकिंगसाठी मस्त चालतो. प्लास्टिकवाला चकचकीत खाकी नको पण.

लग्नपत्रिकेचं कार्ड पण चालतं, आणि इथे माझी फजिती सांगायलाच हवी. कॉलेजात असताना मी एनसीसीच्या एअर विंगला होतो, तिथे एरोमॉडेलिंगचं वेड लागलं. माझ्याकडे एक छोटं डिझेल होतं, ईथर, रॉकेल आणि एरंडेल यांच्या मिश्रणावर चालणारं, वासाने घरातले सगळे गॅलरीत जायचे. त्याचं पॅकिंग गेलं आणि तेव्हा ताईच्या लग्नाच्या पत्रिका उरलेल्या होत्या. छान जाड, घट्ट कार्ड. कापलं, बसवलं, आवळलं, तरी हवा खातंय. परत कापलं. तेच. शेवटी तेल लावून बघितलं तर फुगे एकाच जागेवरून, एका वळणावळणाच्या रेषेत. उघडून उजेडात धरलं तेव्हा कळलं, मी पत्रिकेच्या वरच्या कोपऱ्यातून कापलं होतं आणि तिथे गणपती उठावाचा छापलेला होता. सोंडेच्या वळणातून हवा जात होती. आई म्हणाली देवाला इंजिनात कोंबल्यावर आणखी काय होणार. तेव्हा पत्रिका घेणारच असशील तर मागचं कोरं पान घे.

कागदावर आकार उतरवायची रस्त्यावरची पद्धत तू पाहिली असशील. मी कोल्हापूरला उद्यमनगरात एका लूनावाल्या मेकॅनिककडे पाहिली, माणूस जादूगार होता. क्रँककेसवर कागद ठेवायचा आणि गोल डोक्याच्या हातोडीने कडेकडेने टुकटुक करत जायचं, कड कागदाला कापत जाते, भोकांवर छर्रा ठेवून एक ठोका की भोक तयार. दोन मिनिटांत पॅकिंग, आणि तोंडात तंबाखू तशीच. लूना, राजदूत, शेतातलं इंजिन, यांना ही पद्धत एक नंबर. पण तुझ्या साडेसहा सीसीच्या ओतीव ॲल्युमिनियमवर हातोडी मारू नकोस, त्याची कड दुमडते आणि मग ती जागा कधीच सपाट बसत नाही.

तू लहानपणीचा खेळ कर. नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली की अशोकस्तंभ उमटतो ना? तसंच. प्लेट उलटी ठेव, वर कागद, मऊ पेन्सिल आडवी धरून घास. कडा, भोकं, कुठे खाच असेल ती, सगळं उमटतं. आणि मग कापण्याचा क्रम महत्त्वाचा, तो उलटा झाला की कागद फाटलाच म्हणून समज. आधी स्क्रूची भोकं. मग आतला गोल. बाहेरची कड सगळ्यात शेवटी, कारण बाजूला कागद भरपूर असतो तोवर तो हातात नीट धरता येतो.

भोकांसाठी पंच विकत आणू नकोस. जुन्या ट्रान्झिस्टरचा मोडका एरियल घरात कुठेतरी असेलच, त्याच्या नळ्या एकात एक जाणाऱ्या, प्रत्येक वेगळ्या मापाची. 3 मिमीच्या स्क्रूला सैल जाईल अशी नळी निवड, छोटा तुकडा काप, ड्रिलमधे धरून फिरवत बाहेरून कानस लाव म्हणजे टोक धारदार होतं. खाली लाकडाचा ठोकळा, पण आडवा नको, उभा ठेव म्हणजे रेषांची टोकं वर येतील, आणि एक ठोका. भोक इतकं स्वच्छ पडतं की नंतर उगाच चार जास्तीची पाडून बघावीशी वाटतात. खिळा तापवून भोकं पाडू नकोस, कड जळून फुगते.

आतला गोल कात्रीने नाही, नव्या ब्लेडने, आणि एका दमात नाही तर तीनचार हलक्या फेऱ्यांत. कागद आतल्या बाजूला केसभर कमी असला तर चालेल, जास्त नको. आत डोकावला की रॉड त्याला कुरतडणार आणि तो भुगा इंजिन खाणार. प्लेटला ट्रान्स्फरसाठी खाच असेल तर ती पण कापायची, हे विसरलं की इंजिन चालतं पण जीव नसल्यासारखं.

यावरून आठवलं, शेतातल्या ब्रशकटरचं किंवा छोट्या पेट्रोल इंजिनचं पॅकिंग असंच घरी करणाऱ्यांसाठी. कार्ब आणि इंजिन यांच्यातल्या पॅकिंगला मोठ्या भोकाशेजारी एक अगदी बारीक भोक असतं. काहीजणांना वाटतं ते उगाच आहे आणि ते पाडत नाहीत. त्या भोकातून क्रँककेसचे ठोके कार्बमधल्या पडद्यापर्यंत पोचतात आणि त्या ठोक्यांवरच इंधनाचा पंप चालतो. ते बुजलं की दोरी ओढून खांदा उखडेल, इंजिन चालू होणार नाही.

बसवण्याआधी प्लेट सपाट आहे का बघ. काचवाल्याकडून जाड काचेचा तुकडा आण, त्यावर 800 नंबरचा पॉलिश पेपर, थोडं रॉकेल, आणि प्लेटच्या तोंडावर मार्करने रेघा मार. इंग्रजी आठच्या आकड्यात हलक्या हाताने चारपाच वेळा फिरव. रेघा सगळीकडून सारख्या गेल्या तर सपाट. मधे राहिल्या आणि स्क्रूपाशी गेल्या तर कोणीतरी आवळून आवळून कान वाकवलेत, बहुधा तुझ्या मामाने, माझ्या पिढीचा हात जड होता. अजून थोडं घास, पण जेवढं घासशील तेवढी जागा आत कमी होणार, म्हणून हे काम जाडी मोजण्याच्या आधी. (हे मी वर सांगायला हवं होतं. आधी घास, मग मोज, मग काप.)

सिलिकॉन, गोंद, शेलॅक काही लावू नकोस. पॅकिंगच्या दोन्ही बाजूंना एरंडेलाचं बोट फिरव, बस. पुढच्या वेळी उघडताना अख्खं निघेल, दोन तुकडे होणार नाहीत. स्क्रू समोरासमोरचे आवळ, एक वर डावीकडचा मग खाली उजवीकडचा, थोडे थोडे, आणि प्रत्येक फेरीनंतर इंजिन हाताने फिरवून बघ. ॲलन कीची लांब बाजू भोकात आणि छोटी बाजू दोन बोटांत, म्हणजे जोर लागतच नाही. ॲल्युमिनियममधल्या 3 मिमीच्या आट्या एकदा गेल्या की पॅकिंगपेक्षा मोठं दुखणं. पहिल्यांदा चालवून पूर्ण थंड झालं की परत एकदा आवळ, कागद थोडा बसलेला असतो, पाव फेरा सहज निघेल.

हेडला मात्र कागद कधीच घालू नकोस, जळून जातो. तिथे तांब्याची नाहीतर ॲल्युमिनियमची पातळ चकती असते आणि तिच्या जाडीवर कॉम्प्रेशन ठरतं. ती खराब झाली असेल आणि तांब्याची असेल तर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाक, मऊ होते आणि परत नीट बसते. तुझ्या लक्षणांवरून हेडचा काही संबंध वाटत नाही, तिथली गळती असती तर बाहेर काळपट तेलाचा ओघळ दिसला असता आणि हाताने फिरवताना कॉम्प्रेशनचा अटकाव जाणवला नसता. सायलेन्सरच्या जोडाकडे बघून ठेव पण, कारण टाकीला दाब तिथूनच येतो, तो गळाला की मिश्रण बदलतं आणि तू बिचाऱ्या कार्बला दोष देत बसतोस.

पुढचं बेअरिंग शेवटी बघ. इंजिन चालल्यावर प्रोपेलरच्या मागे तेल उडून सगळं माखत असेल, किंवा हाताने फिरवताना वाळू असल्यासारखी करकर लागत असेल तरच त्याच्या मागे लाग. अशा बऱ्याच इंजिनांना पुढे 607 बसतं, म्हणजे आत 7 आणि बाहेर 19 मिमी, पण काढून त्यावरचा नंबर वाचल्याशिवाय विकत आणू नकोस. काढायला क्रँककेस तापवावी लागते, आणि ती आईच्या केकच्या ओव्हनमधे तापवायची नाही. एरंडेलाचा वास त्यातून दिवाळीपर्यंत जात नाही, मला चांगलं माहितीये.

सगळं झालं की चालू करण्याआधी एक बघ. कार्बच्या तोंडावर बोट ठेवून प्रोपेलर हाताने दोन फेरे फिरव, अर्थात ग्लो प्लगची बॅटरी काढलेली असताना. बोटाला ओढ लागली पाहिजे, बाळ बोट चोखतं तशी. सिलिकॉनवाल्या अवस्थेत ती लागली नसती. मग नीडल अडीच फेरे उघडून सुरू कर आणि हळूहळू बंद करत ये. आधी तुला किती उघडी ठेवावी लागत होती ते लिहिलं नाहीस, साडेतीन-चार फेरे असेल तर ते पण हवा खाण्याचंच लक्षण होतं, आता ती कमी फेऱ्यांवर यायला हवी. संध्याकाळी काम झालं की इंजिनातलं उरलेलं इंधन इंजिन चालवूनच संपव आणि कार्बमधून पातळ तेलाचे आठदहा थेंब सोडून फिरवून ठेव, मेथॅनॉल पाणी ओढतं आणि बेअरिंग डब्यातच गंजतं.

भंगाराचं विचारलंस, नाही द्यायचं. पिस्टनमधे दम आहे आणि फुल थ्रॉटलला पळतंय म्हणजे इंजिन धडधाकट आहे. आणि ज्या डब्यातून ते आलं त्या डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला बघ एकदा. आमच्या वेळी नीडलचे फेरे, प्लगचा नंबर, प्रोपेलरचं माप असं सगळं तिथे पेन्सिलने लिहून ठेवायची सवय होती. पुसट झालं असेल तर मामांना फोन लाव, त्यांना पाठ असेल.